अंगणवाडीला अंगण द्या : आमच्या ग्रामस्थ मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सभासद, ग्रामस्थ मंडळ,
तसेच महिला मंडळाच्या सगळ्या भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी या गावची सून. ३६ वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला थोडीफार भातशेती अजून उभी होती आणि ठाण्याला जायचं तर बसची वाट बघावी लागायची. गल्लीतल्या बहुतेक घरांत माझ्या मशीनवर शिवलेला एखादा तरी कपडा असेल. बारशाचं झबलं, शाळेचा फ्रॉक, हळदीचा ब्लाऊज. त्यामुळे ओळख वेगळी करून द्यायला नको. हा अर्ज मी सभेतच देणार होते. पण सभेत बोलायला उभं राहिलं की पाच मिनिटांत विषय पाण्याच्या लाइनीवर जातो. म्हणून सगळ्यांना सावकाश वाचता येईल असं उघड लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. आपलं समाजमंदिर रोज सकाळी साडेनऊ ते दीड या वेळेत गावच्या अंगणवाडीसाठी उघडून द्या. का, ते पुढे सांगते.

माझी नात जूनमध्ये तीन वर्षांची झाली. सून महापेला कंपनीत जाते, मुलाची ड्युटी पाळीची. नातीला एका खासगी प्लेग्रुपात घातलं होतं, तीन महिने गेली. तिसऱ्या महिन्यात ठिपके जोडून एबीसीडी काढायची पानं घरी यायला लागली. तीन वर्षांच्या पोरीला पेन्सिल मुठीतच धरता येते, दोन बोटांत नाही. एका रात्री झोपताना ती मला म्हणाली, "आजी, मना नाय लिवायचा." दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटलं, सरकारी काय आहे ते मी आधी डोळ्यांनी बघून येते, मग ठरवू.

पितृपक्षात कोणी नवे कपडे शिवायला टाकत नाही. ते पंधरा दिवस मी मोकळी होते. त्या दिवसांत मी तीन ठिकाणी जाऊन बसले. आपल्या गल्लीतली अंगणवाडी, रस्त्यापलीकडच्या पालिका शाळेतली बालवाडी, आणि वर डोंगराच्या पायथ्याशी एमआयडीसीच्या पाइपलाइनजवळ जी वस्ती आहे तिथली अंगणवाडी. तिन्ही ठिकाणी फी नाही, तिन्ही आपल्या घरापासून चालत वीस मिनिटांच्या आत. वहीत लिहून घेतलं. गळ्यात टेप असतोच, म्हणून खोल्याही मोजल्या.

बालवाडीबद्दल पहिलं लिहिते, कारण गावात चौकशी केली की सगळे तिचंच नाव घेतात. इमारत पक्की, फरशी स्वच्छ, शौचालय आहे, खिडक्यांतून उजेड येतो. वर्ग वीस बाय पंचवीस फुटांचा, म्हणजे ५०० चौरस फूट. पटावर ४६ मुलं, मी गेले त्या दिवशी ४१ आलेली. एक शिक्षिका, एक मदतनीस. बाई शिकलेल्या, आवाज गोड, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. पण ४१ मुलांना एका वेळी एकच गोष्ट करायला लावली तरच तो वर्ग चालतो, आणि ती गोष्ट म्हणजे रांगेत बसून एका सुरात म्हणणं. मी दीड तास बसले. शेवटच्या रांगेत खिडकीपाशी एक मुलगा होता, निळा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. दीड तासात तो कोणाशी एक शब्द बोलला नाही आणि त्याच्याशीही कोणी बोललं नाही. रडत नव्हता, खोड्या काढत नव्हता, म्हणून तो कोणाला दिसलाच नाही. यात बाईंचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. मला एका दिवसात ४१ ब्लाऊज शिवायला दिले तर मीही सगळे एकाच मापाचे शिवीन. शिवाय तिथे चार वर्षं पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत, डबा घरचा न्यायचा, आणि मोठा रस्ता ओलांडायचा. नातीचा प्रश्न तिथेच मिटला.

आता आपली अंगणवाडी.

खोली दहा बाय बारा. १२० चौरस फूट. त्यात लोखंडी कपाट, घरपोच आहाराच्या पाकिटांची खोकी, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, रजिस्टरांचं टेबल. राहिलेल्या जागेत मी टेप टाकला तर साडेसहा बाय नऊ फूट भरली. तेवढ्यात १४ मुलं मांडीला मांडी लावून बसली होती. पटावर २७ आहेत. बाकीची का येत नाहीत असं मी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "काकू, सगळी आली तर त्यांना बसवू कुठे?" त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. इतकी वर्षं त्याच खोलीत काढल्यावर माणूस तक्रार करायचं थांबतं.

केंद्र सरकारने २०१३ साली लहान मुलांच्या संगोपनाचं आणि शिक्षणाचं राष्ट्रीय धोरण केलं आहे. सुनेने मला त्याची पानं काढून, वाचून समजावून दिली. त्यात माप दिलेलं आहे. ३० मुलांमागे निदान ३५ चौरस मीटरची खोली, म्हणजे सुमारे ३७७ चौरस फूट, आणि बाहेर खेळायला निदान ३० चौरस मीटर मोकळी जागा. तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस. दिवसाला तीन ते चार तास. आणि बोलणं मुलाच्या घरच्या भाषेत. या मापाने आपल्या १२० फुटांत नऊ मुलं मावतात, तीही कपाट आणि खोकी बाहेर ठेवली तर. बाहेरची मोकळी जागा म्हणाल तर दारातून पाऊल टाकलं की गल्ली, आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी आपल्या मोटारसायकली.

खिडकी एकच, ती गटाराकडे उघडते. शौचालय नाही. एखाद्या मुलाला लागली की मदतनीस त्याला त्याच्या घरी नेते, तेवढा वेळ बाई एकट्या. पावसाळ्यात उंबऱ्यावरून पाणी आत येतं म्हणून सामान विटांवर फळी टाकून ठेवलेलं आहे.

आणि तरीही मला हे लिहायलाच हवं की त्या पंधरा दिवसांत सगळ्यांत सुंदर शिकवणं मी याच खोलीत पाहिलं. बाईंनी मधे एक ताट ठेवलं. त्यात मूग, मटकी, चवळी, राजमा एकत्र केलेले. मुलांनी वेगळे करून वाट्यांत टाकायचे. टाकता टाकता बाई विचारत होत्या, काल घरी कशाची भाजी होती, कोणी केली, तिखट होती का. भाडेकरूंची एक मुलगी आहे, घरी ते लोक वेगळंच बोलतात, तिला राजमा हा शब्द येत होता पण चवळी येत नव्हता. ती बोटाने दाखवून तोंडात शब्द शोधत राहिली. बाई थांबल्या. त्यांनी तिला शब्द सांगून टाकला नाही. बाकीच्या मुलांनाही हाताने थांबवलं. शेवटी ती पोर स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाली, बाईंनी तोच शब्द परत म्हटला, आणि मग म्हणाल्या, "आम्ही हिला चवळी म्हणतो." मूल शब्द शोधत असतं तेवढा वेळ वाट बघणं, हे मी माझ्या स्वतःच्या मुलांच्या बाबतीतही कधी केलं नाही. ते बघताना मला वाईट वाटलं आणि बाईंबद्दल फार आदर वाटला.

पण त्याच एका तासात ते काम अकरा वेळा तुटलं. मी वहीत रेघा मारल्या आहेत. एक गरोदर बाई नाव नोंदवायला आली. एक जण पाकिटं न्यायला आला. पोषण ट्रॅकर नावाचं अॅप २०२१ च्या मार्चपासून आहे, त्यावर हजेरी आणि आहार भरावा लागतो, ते मधेच अडकलं. घरमालकाचा माणूस मोटारचं बटण लावायला आत आला. बाईंचं काम फक्त मुलांना शिकवण्याचं नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती देणं आणि शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एका अंगणवाडीने द्यायच्या असतात. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ही योजना सुरू झाली तेव्हापासून. सहाही कामं त्या साडेसहा बाय नऊ फुटांत चालतात.

या सहा कामांतलं एक मला शिवणारणीच्या नजरेने फार लागलं. कुपोषण बघायला बाळाच्या दंडाला पट्टी लावतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असला तर ते मूल तीव्र कुपोषित, साडेबाराच्या आत असलं तर मध्यम. साडेअकरा सेंटिमीटर माझ्या टेपवर साडेचार इंच होतात. मी जन्मभर झबल्यांच्या बाह्या बेतल्या, दीड-दोन वर्षांच्या मुलाची बाही साडेचार इंचाच्या दंडावर बेतायची वेळ यावी हे मला कल्पनेतही आलं नव्हतं. आपल्याच गावात, आपल्याच एका चाळीत असं मूल निघालं. आपल्या बाईंनी ते शोधलं, त्याच्या आईला धीर दिला, दवाखान्यात पाठवलं, आठवड्याला वजन केलं. मूल आता सुधारतंय. आपल्याला कोणाला पत्ता नाही.

खाण्याचंही सांगते, कारण त्याबद्दल गावात बरंच काही बोललं जातं. बचत गटाकडून डबा येतो. मी खिचडी खाऊन पाहिली. मीठ थोडं कमी होतं, पण मऊ होती आणि ताजी होती. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं माप २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिलं होतं, आणि त्यासाठी २०१७ साली ठरवलेला दर दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. ८ रुपयांत आपल्या नाक्यावर वडापाव येत नाही. गटातल्या बाया त्यात काय काय बसवतात ते त्यांनाच विचारा.

बाईंच्या पैशांबद्दल मी त्यांना विचारलं नाही, ते बरं दिसत नाही. पण केंद्र सरकारने २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकांसाठी ठरवलेलं मानधन ४,५०० रुपये आहे, त्यात राज्य आपली भर घालतं. पगार नव्हे, मानधन. २०२३ च्या डिसेंबरमध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तो संप २०२४ च्या जानेवारीपर्यंत चालला. तेवढे दिवस आपली अंगणवाडी बंद होती. मला स्वतःला ते आठवत नाही. कुलूप माझ्या घरापासून ७० पावलांवर होतं.

आता वरच्या वस्तीबद्दल. तिथे जाताना माझ्याच मनात काही कल्पना होत्या, त्या चुकीच्या निघाल्या.

वस्तीत पत्र्याची घरं. माणसं जालना, परभणी, बीडकडची, काही बंजारा समाजाची. नाक्यावर उभं राहून बिगारी काम करणारी. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे अंगणवाडी नव्हती, मुलं आईबरोबर कामाच्या जागी वाळूच्या ढिगावर दिवस काढायची. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या निकालात सांगून ठेवलं आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागितली तर तीन महिन्यांत द्यावी. वस्तीतल्या बायांना हे कोणीतरी सांगितलं. त्यांनी दारोदार जाऊन मुलांची नावं लिहिली, अंगठे आणि सह्या घेतल्या, खेपा घातल्या. मंजुरी आली, पण जागा नव्हती. तेव्हा तिथल्या बुद्धविहाराच्या मंडळींनी विहार उघडून दिला.

तो हॉल अठरा बाय बावीस, ३९६ चौरस फूट. पत्रा तापतो म्हणून आतून बारदान लावलं आहे. भिंतींना खालून दोन फुटांपर्यंत काळा रंग दिला आहे, म्हणजे प्रत्येक मुलाला आपापला फळा. हा रंग वस्तीतल्याच एका रंगाऱ्याने रविवारी लावला, रंग त्याचा, मजुरी नाही. आंब्याच्या पेट्या साफ करून, कडा घासून खेळण्यांचं कपाट केलं आहे, इतकं बुटकं की मूल स्वतः काढतं, स्वतः ठेवतं. दारापुढे पिंपळ आणि त्याला पार. रोज एक आई किंवा आजी पाळीने बसायला येते, तिचा त्या दिवसाचा खाडा पडतो, तरी येते. २४ मुलांमागे सेविका, मदतनीस आणि पाळीची बाई अशी तीन मोठी माणसं होती.

खरं सांगायचं तर तिथल्या सेविका आपल्या बाईंइतक्या कसबी नाहीत. नवीन आहेत, गाण्यावरून गोष्टीवर उडी मारतात, मधेच काय करावं ते त्यांना सुचत नाही. पण मी दीड तास बसले आणि निळ्या शर्टाच्या मुलासारखं एकही मूल मला दिसलं नाही. एक मुलगा पेट्यांवर पेट्या रचून पूल करत होता आणि पाळीच्या आजीशी बंजारा बोलीत सलग बोलत होता, ती हं हं म्हणत त्याला पेटी पुढे सरकवत होती. कोपऱ्यात दोघी जणी बाहुलीला झोपवत होत्या. एकाने पारावर जाऊन पानं मोजली आणि परत येऊन सगळ्यांना आकडा सांगितला, चुकीचा, पण सांगितला. जागा असली की मुलं पसरतात, पसरली की बोलायला लागतात. आपल्या खोलीत हलायलाच जागा नाही म्हणून बाईंना सगळ्यांना एकाच ताटाभोवती बसवावं लागतं.

विहारात रविवारी वंदना असते. तेव्हा मुलांचं सगळं सामान एका पडद्यामागे जातं. पडदा जुन्या साड्यांचा, शिवण उसवलेली होती, ती मी दुसऱ्या दिवशी जाऊन घालून दिली. तिथल्या एका वयस्कर गृहस्थांना मी विचारलं, रोज विहार उघडून देता, अडचण होत नाही का? ते म्हणाले, "सकाळी बंदच असायचा."

हे वाक्य घेऊन मी डोंगर उतरले. समाजमंदिरावरून घरी आले. सकाळचे साडेअकरा वाजले होते. आपलं समाजमंदिरही बंद होतं.

दुसऱ्या दिवशी किल्ली मागून मी ते मोजलं. तीस बाय पंचेचाळीस, १,३५० चौरस फूट. आठ खिडक्या, पंखे, दोन शौचालयं, पाण्याची टाकी, पुढे फरसबंदी अंगण आणि त्याला फाटक. राखणदाराकडची वही बघितली. गेल्या वर्षभरात सकाळच्या वेळेला ते ३१ दिवस लागलं. हळदी बहुतेक संध्याकाळच्या, सभा रविवारच्या, सप्ताह एक. उरलेल्या सगळ्या सकाळी आत फक्त खुर्च्या होत्या.

सगळ्यांत कसबी बाई आपल्याकडे आहेत, सगळ्यांत चांगली इमारत शाळेकडे आहे, आणि सगळ्यांत चांगली अंगणवाडी वस्तीकडे आहे. सेविका त्याच खात्याच्या, आहार त्याच दराचा, अॅप तेच. फरक एवढाच की तिथल्या लोकांनी आपली जागा दिली आणि आपण गावातली सगळ्यांत अंधारी खोली भाड्याने दिली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण मी टेपने मोजलं आहे.

सरकारने जागा द्यावी, आपण का, असं कोणी म्हणेल. द्यायलाच हवी, मागत राहू. घटनेत २००२ च्या दुरुस्तीनंतर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क आला, पण सहाच्या आतल्यांसाठी ४५ व्या कलमात राज्य प्रयत्न करील एवढंच आहे. म्हणून शाळेला इमारत मिळते आणि अंगणवाडी भाड्याच्या खोलीत राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अंगणवाडी प्राथमिक शाळेच्या आवारात चालवायचा मार्ग दिलेला आहे. शाळेत आज रिकामी खोली नाही, हे मी मुख्याध्यापकांना विचारून आले. ती रिकामी होईपर्यंत माझी नात सहा वर्षांची होईल, आणि तिच्यामागून येणारी कितीतरी.

आणि अंगणवाडी हा शब्द कुठला, हे आपल्याला ठाऊक असायला हवं, कारण तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघरमध्ये गेली. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीवर नेली, घरासमोरच्या अंगणात. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी मुलांसाठी. सरकारी योजनेच्या कितीतरी आधी. त्या अंगणात मुलं बसली, कारण कोणीतरी आपलं अंगण झाडून दिलं होतं. ज्यांच्याकडे झोपडीपुढच्या सारवलेल्या जमिनीशिवाय काही नव्हतं, अशा लोकांनी.

आता तुमच्या मनातल्या दोन शंका, ज्या मला आधीच कानावर आल्या आहेत.

पहिली, सरकारला एकदा आत घेतलं की ते बाहेर निघत नाही. ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, आपल्यासारख्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासईकडच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन पदरात पडली. माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी ते दिवस ऐकले आहेत. जागेच्या कागदावर सही करताना या गावातल्या माणसाचा हात थांबतो, तो थांबायलाच हवा. म्हणून मालकी मंडळाचीच राहू दे. आपण सगळे भाडेकरूंशी अकरा महिन्यांचा करार करतो, त्यातलं आपल्याला कोणी शिकवायला नको. तसाच करार अंगणवाड्या चालवणाऱ्या सरकारी प्रकल्प कार्यालयाशी करा. वेळ लिहा, सामान कुठे राहील ते लिहा, मंडळाला जागा लागेल ते दिवस राखून ठेवा. त्या ३१ दिवसांसाठी गावदेवीच्या देवळाचा ओटा आहे, त्यावर पत्रा आहे.

दुसरी शंका कोणी माझ्यासमोर मोठ्याने बोललं नाही, पण आहे. आपली पोरं तर इंग्रजी प्लेग्रुपला जातात, अंगणवाडीत भाडेकरूंचीच असतात, मग समाजमंदिर त्यांच्यासाठी का? पटावरच्या २७ पैकी गावातली पाच आहेत, बाकी भाडेकरूंची, हे खरं आहे. पण त्यांच्या भाड्यावर आपल्या किती घरांच्या चुली चालतात, ते प्रत्येकाने आपापल्या मनाशी मोजावं. भाडं आपण पाच तारखेच्या आत घेतो. त्यांची मुलं गटाराच्या खिडकीशी बसतात. आणि गावची पाच तरी का उरली? आपण आपली मुलं काढून घेतली तेव्हापासून त्या खोलीकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. पत्रा गळला तरी कोणी बोललं नाही, कारण भिजत होती ती आपली नव्हती. दवाखान्यात जाऊन आलेलं ते मूलही आपल्यातल्याच एकाच्या चाळीत राहतं.

नात कुठे जाणार, तेही सांगते. ती १ तारखेपासून आपल्याच अंगणवाडीत जाते आहे, त्या दहा बाय बारात. सून आधी नाही म्हणत होती. तिला मी एक दिवस रजा काढून तिथे बसायला लावलं, बाईंना बघून तीच हो म्हणाली. आता नात घरी येऊन वाटीतले मूग वेगळे करते. ज्या भाषेत आम्ही घरात बोलतो त्याच भाषेत ती बाईंशी बोलते, आणि बाई तिला "मला म्हण, मना नको" असं सुधारत नाहीत.

काय करावं लागेल तेही विचारून ठेवलं आहे. सेविकेला आपल्या मनाने जागा बदलता येत नाही. मंडळाने ठराव करून ना हरकत पत्र द्यायचं, बाई ते त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकांकडे देतील, मुख्यसेविका जागा बघून जातील आणि प्रकल्प कार्यालय परवानगी देईल. ना हरकत पत्रात शौचालय आणि पाणी वापरायला मिळेल आणि विजेचं बिल मंडळ भरेल असं लिहावं. पंखे चार तास चालले तर बिल किती वाढेल ते वायरमनला विचारलं, फार नाही. खुर्च्या रचून स्टेजवर ठेवल्या की खालचा सगळा हॉल मोकळा. स्टेजच्या मागच्या उघड्या वायरी मात्र आधी बंद करून घ्या, ते मुलं येणार म्हणून नव्हे, हळदीतही तिथे पोरं पळत असतात. फाटकाची कडी आतून लागत नाही. महिला मंडळाच्या भगिनींनी पाळीने एक जण रोज बसायला यावं. महिन्यातून एक पाळी येईल. सोमवार माझा, वर्षभर.

येत्या रविवारच्या सभेत हा विषय पहिला घ्या, पाण्याच्या आधी. मी वही आणि टेप घेऊन येते, ज्यांना माझ्या मापाबद्दल शंका असेल त्यांनी माझ्याबरोबर दोन्ही जागी चालावं. आठ खिडक्यांचं ऊन सकाळी थेट आत येतं, पडदे लागतील. खिडक्या मोजल्या आहेत, २६ मीटर कापड लागेल. कापड मंडळाने आणावं, शिलाई माझी.

आपल्या गावची सून,
गल्लीतल्या शिलाई मशीनवाल्या काकू